वाचक विचारतात : घरच्या घरी ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रणाचे नवे साहित्य घरी आणल्यावर पडणारे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेली बहुतेक पत्रे पुणे आणि परिसरातील आहेत. तक्रारींचा रोख यंत्रावर असला, तरी बहुतेक उत्तरे माइक कोठे ठेवला आहे आणि आवाजाची पातळी किती राखली आहे, या दोनच गोष्टींपाशी येऊन थांबतात. त्यामुळे नव्या खरेदीचा सल्ला पुढील उत्तरांत फारसा आढळणार नाही. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांच्या नावांऐवजी त्यांच्या भागाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून हौसेने नाट्यगीते आणि अभंग गातो. मुलाने ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोहोचवणारे उपकरण), कंडेन्सर माइक आणि हेडफोन असा संच पाठवला आहे. सर्व जोडणी केली, लॅपटॉपने इंटरफेस ओळखलाही. परंतु माइकमधून आवाजच येत नाही. बरीच खटपट केल्यावर एकदा आला, तो वरच्या सुरांना फाटलेला आला. माइक सदोष असेल काय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तशी शक्यता फार कमी आहे. कंडेन्सर माइकला चालण्यासाठी वीज लागते आणि ती इंटरफेसमधून माइकच्या केबलवाटेच त्याच्यापर्यंत पोहोचते. इंटरफेसवर ४८ व्होल्टची खूण असलेले एक बटण असते. ते दाबल्याखेरीज असा माइक मुकाच राहतो. ही वीज दोन्ही टोकांना तीन पिना असलेल्या एक्सएलआर केबलमधूनच जाते. आपल्या केबलच्या एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला गिटारला लावतात तसा जाड जॅक असेल, तर बटण दाबूनही उपयोग होणार नाही. माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा हे ठरवणारे गेनचे बटण पूर्ण खाली आणून केबल जोडावी, मग ४८ व्होल्टचे बटण दाबावे, काही सेकंद थांबावे आणि त्यानंतर गेन हळूहळू वाढवावा. माइक काढताना आधी गेन खाली आणून वीज बंद करावी आणि मगच केबलला हात लावावा. एवढे करूनही आवाज आला नाही, तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला माइक वापरण्याची परवानगी दिली आहे का आणि सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपच्या अंगच्या माइकऐवजी इंटरफेस निवडला आहे का, हे पाहावे.

माइकची बाजूही एकदा तपासावी. गाण्यासाठी वापरले जाणारे मोठ्या पडद्याचे कंडेन्सर माइक बहुधा टोकाने ऐकत नाहीत, ते बाजूने ऐकतात. स्टेजवरचा माइक धरायची सवय असलेले गायक त्याच्या टोकात गातात आणि आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, म्हणून गेन वाढवत नेतात. ज्या बाजूला कंपनीचे चिन्ह किंवा हृदयाच्या आकाराची लहानशी खूण असते, ती बाजू सामान्यतः गायकाकडे असावी लागते.

आता फाटणाऱ्या आवाजाविषयी. आपण बहुधा मध्य सप्तकात गुणगुणून गेन लावला असावा. नाट्यगीताचा मुखडा आणि त्यातील तार षड्जावरची तान यांच्या जोरात इतका फरक असतो की, मुखड्याला योग्य ठरणारी पातळी तानेला पुरत नाही. म्हणून संपूर्ण गाण्यातील सर्वांत जोरकस जागा, ती गाताना लागतो तेवढाच जोर लावून, प्रथम गाऊन पाहावी आणि त्या वेळी सॉफ्टवेअरमधील मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवावा. मीटर शून्याच्या जवळ नेण्याची ओढ अनेकांना असते. ती टेप रेकॉर्डरच्या काळातील आहे. फितीची स्वतःची सळसळ मोठी असल्यामुळे तेव्हा आवाज वर ठेवावा लागे. २४ बिटच्या डिजिटल ध्वनिमुद्रणात तशी गरज उरत नाही, आवाज नंतर कितीही वाढवता येतो; मात्र शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो भाग मूळ रूपात परत मिळत नाही. सॉफ्टवेअरमधील प्रत्येक ट्रॅकला जी वर-खाली सरकणारी पट्टी असते, ती फक्त ऐकू येणारा आवाज बदलते. मुद्रित होणारा आवाज इंटरफेसवरच्या गेननेच ठरतो, त्यामुळे फाटलेला आवाज ती पट्टी खाली ओढून सुधारत नाही.

प्रश्न : मी हार्मोनियमचे वर्ग घेते. विद्यार्थ्यांना सरावासाठी अलंकार आणि सरगमगीते मुद्रित करून द्यावीत, असा विचार आहे. परंतु हेडफोन लावून वाजवताना पट्टी दाबल्यानंतर क्षणभराने सूर ऐकू येतो आणि लय बिघडते. लॅपटॉप बदलावा लागेल का?
— एक वाचिका, सिंहगड रस्ता

उत्तर : लॅपटॉप मुळीच बदलू नये. इंटरफेस दर सेकंदाला आवाजाचे सहसा ४८,००० नमुने घेतो. लॅपटॉप ते नमुने एकेक न स्वीकारता गठ्ठ्याने स्वीकारतो आणि या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल तर तो भरण्यास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४ नमुन्यांचा असेल तर २१ मिलिसेकंद. आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना असा दोनदा हा वेळ मोजावा लागतो. तुलनेसाठी सांगायचे तर, आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकाच्या कानी जवळजवळ ६ मिलिसेकंद उशिराच पोहोचतो आणि त्याने कोणाची सम चुकत नाही. चाळीस-पन्नास मिलिसेकंदांचा उशीर मात्र हाताला अडवतो.

यावर सर्वांत सोपा उपाय इंटरफेसवरच असतो. ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण किंवा फिरवण्याची कळ असेल, ती वापरल्यास आपले वादन लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येते. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधून येणारे त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे वाजवतानाच ऐकू येणे, बंद करण्यास विसरू नये, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल. विंडोजचा लॅपटॉप असल्यास इंटरफेसच्या कंपनीने दिलेला, हा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर घालून घ्यावा, आणि मुद्रण करताना बफर १२८ किंवा २५६, तर नंतर संपादन करताना १०२४ ठेवावा. लहान बफरवर लॅपटॉपला जास्त धावपळ करावी लागते आणि आवाजात चट् चट् असे खटके येऊ लागतात; तसे झाल्यास एक पायरी वर जावे.

हेडफोन ब्लूटूथचे असतील, तर वरील सर्व उपाय व्यर्थ आहेत. त्यांतील उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असू शकतो. या कामासाठी तारेचे आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोनच घ्यावेत. पाठीमागून जाळी असलेल्या उघड्या हेडफोनमधील आवाज माइकमध्ये उतरतो.

प्रश्न : बाणेरला नव्या इमारतीतील दहा बाय दहाच्या खोलीत मी गाणे मुद्रित करतो. आवाज रिकाम्या सभागृहातून आल्यासारखा वाटतो, शिवाय रस्त्यावरची रहदारी ऐकू येते. भिंतींना फोम लावावा की अंड्यांचे ट्रे चालतील? फोममुळे रहदारीचा आवाज थांबेल ना?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे विकार एकत्र आले आहेत आणि दोघांना औषध वेगळे लागते. खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषून घेता येतो. बाहेरून येणारा आवाज शोषून थांबत नाही, त्याला वजनदार आणि फटी नसलेला अडथळा लागतो, म्हणजे जाड भिंत, दुहेरी काच, घट्ट बसणारे दार. फोम हलका आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे रहदारीपुढे त्याचे काही चालत नाही. सरकत्या खिडकीच्या रुळातील फट रबरी पट्टीने बुजवल्यास थोडा फरक पडेल. त्यापुढचा खर्च भाड्याच्या किंवा राहत्या घरात बहुधा परवडणारा नसतो. गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असताना ढोलाचा ठोका बंद खिडकीतूनही आत येतो, आणि इतक्या खालच्या कंपनांना अडवणे तयार स्टुडिओलाही सोपे नसते. अशा संध्याकाळी मुद्रणाचा हट्ट न धरता पहाट गाठावी, हा आमचा साधा सल्ला आहे. पंखा बंद ठेवावा लागेल, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तर तो थांबेपर्यंत वाट पाहावी लागेल, आणि एप्रिल-मे महिन्यांत हे दोन्ही सोसवत नाही हेही खरे; तेव्हा एकेक अंतरा स्वतंत्र मुद्रित करावा.

आता घुमण्याविषयी. नव्या इमारतींतील खोल्यांत गुळगुळीत फरशी, काँक्रीटची सपाट स्लॅब आणि प्लॅस्टर केलेल्या उघड्या भिंती असतात. जुन्या वाड्यांतील लाकडी तुळया आणि भरलेली फडताळे आवाज जसा विखरून टाकत, तसे येथे काही घडत नाही. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर बारीक झणझण ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालत आहे, असे समजावे. त्यांपैकी एका भिंतीवर काही मऊ आणि जाड आले की ती झणझण थांबते. अंड्यांचे ट्रे मऊही नसतात आणि जाडही नसतात, त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. शिवाय ते लवकर पेट घेतात. बाजारातील इंचभर जाडीचा फोम फक्त उंच सूर शोषतो. त्याने खोली भरून काढल्यास आवाजातील चमक जाते आणि खालचा घुमारा तसाच राहतो, म्हणजे आधीच्यापेक्षा वाईट स्थिती होते. कारण आवाज शोषण्यासाठी लागणारी जाडी त्याच्या लहरीच्या लांबीवर अवलंबून असते आणि १०० हर्ट्झच्या सुराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी घरातील गोधड्या काढाव्यात. दोन जाड गोधड्या एकावर एक घालून गायकाच्या पाठीमागे दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढे, टांगाव्यात. भिंतीला चिकटवल्यास त्यांचा परिणाम कमी होतो. त्या गायकाच्या पाठीमागेच का, तर माइकचे तोंड त्याच दिशेला असते आणि मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्यात शिरतो. जमिनीवर सतरंजी, आणि जवळ कपड्यांनी भरलेले कपाट असेल तर त्याचे दार उघडे, एवढ्यावर साध्या गायनाचे काम होते.

जागा बदलूनही पुष्कळ साधते. समोरासमोरच्या भिंतींतील अंतर दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर असेल, तर ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील, म्हणजे ११२, १६८ अशा कंपनसंख्यांचे सूर त्या खोलीत फुगतात. आपल्या खोलीची लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांनी तेच सूर फुगत असणार. पेटीवरील काळी एक हा षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. तो उगाच मोठा आणि त्याच्या शेजारचा सूर बारीक ऐकू येत असेल, तर दोष गळ्याचा नसून खोलीचा आहे. खोलीचा बरोबर मध्य आणि चारही कोपरे टाळून माइक ठेवावा व फूटभर इकडे-तिकडे सरकवून तोच पंचम पुन्हा गाऊन पाहावा.

शेवटी अंतर. माइक हातभर लांब असेल तर तो वीतभर अंतरावर आणावा. अंतर निम्मे केले की गळ्यातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो, त्यामुळे गेन खाली आणता येतो व घुमारा आपोआप मागे पडतो. वीतभरापेक्षा जवळ गेल्यास मात्र अशा माइकमध्ये खर्ज कृत्रिमपणे भरदार होतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फुंकर माइकवर आदळतो. विठ्ठलाच्या अभंगात ‘पांडुरंग’ टाळता येत नसल्यामुळे ही अडचण पदोपदी येते. भरतकामाच्या कड्यावर पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसवला आणि ते कडे माइकपुढे चार बोटांवर धरले की फुंकर अडतो. माइक तोंडाच्या रेषेपासून किंचित बाजूला ठेवल्यास आणखी फरक पडतो.

प्रश्न : माझा मुलगा गातो आणि त्याचा मित्र तबला वाजवतो. इंटरफेसला दोनच माइक जोडता येतात. दोघांना वेगवेगळे मुद्रित करावे की एकत्र? तानपुरा मोबाइलवर लावतो.
— एक वाचिका, कर्वेनगर

उत्तर : चित्रपटगीतासारखी ठरीव रचना असेल, तर वेगवेगळे मुद्रण सोयीचे असते. ख्याल, ठुमरी किंवा भजन असेल तर एकत्रच बसवावे, असे आमचे मत आहे. तबलजीने समेवर येताना गायकाकडे पाहणे आणि गायकाने लग्गीसाठी, म्हणजे तबल्याच्या जलद वादनासाठी, त्याला जागा सोडणे, हे हेडफोनमधून घडत नाही.

कार्डिऑइड प्रकारचा माइक पाठीमागच्या दिशेने सर्वांत कमी ऐकतो, या गुणाचा येथे उपयोग करावा. दोघांना समोरासमोर, पाच-सहा फुटांवर बसवावे, म्हणजे प्रत्येकाच्या माइकची पाठ आपोआप दुसऱ्याकडे होते. एक माइक आपल्या वादकापासून जितका दूर असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये राहावे, असा एक जुना संकेत आहे. तो पाळल्यास दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना आवाज पोकळ होत नाही. तबल्याचा माइक तबला आणि डग्गा यांच्या मध्यावर, साधारण दीड फूट उंचीवर ठेवावा आणि तोंड किंचित तबल्याकडे वळवावे, कारण डग्ग्याचा आवाज कोठूनही पोहोचतो, चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, ‘ना’ मात्र दिशा चुकली की हरवतो. माइक अगदी जवळ नेल्यास मनगटाचा घासण्याचा आवाज आणि बोटांची टकटक पुढे येते व शाईची आस मागे राहते. डग्ग्याचा एक जोरकस ‘घे’ वाजवून गेन ठरवावा.

जोडीला पेटी असेल तर तिला तिसरा माइक नाही म्हणून हळहळू नये. गायकाच्या माइकच्या बाजूला, थोडी दूर बसवलेली पेटी त्याच माइकमध्ये पुरेशी येते. अधिक वाटल्यास पेटी हातभर मागे सरकवावी. भारतात १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा सर्वांसाठी मिळून एक कर्णा होता आणि कोणी किती जवळ बसायचे यावरच सारा तोल सांभाळावा लागे. ती रीत अजूनही उपयोगी पडते.

मोबाइलच्या स्पीकरवरचा तानपुरा मात्र माइकमध्ये जाऊ देऊ नये. तो दोन्ही ट्रॅकमध्ये उतरला की नंतर कमी-जास्त करता येत नाही आणि गाण्यातला एखादा भाग कापून जोडल्यास तानपुऱ्याचा झंकार तेथे तुटतो. दोघांनाही हेडफोनमधून तानपुरा द्यावा आणि तोच नंतर स्वतंत्र ट्रॅक म्हणून घालावा. गायकाने हेडफोनचा एक कान उघडा ठेवला तरी हरकत नाही. उलट अनेकांचा सूर त्यामुळेच नीट लागतो. पेटी जुनी असेल तर तिची काळी एक आणि ॲपमधील काळी एक तंतोतंत जुळेलच असे नाही. पेटीचे सूर हलवता येत नसल्याने ॲपमधील बारीक सुरावटीच्या कळीने तानपुरा पेटीला मिळवून घ्यावा, आणि तबलाही त्यानंतरच लावावा.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये ४४.१, ४८ आणि ९६ किलोहर्ट्झ असे पर्याय दिसतात. सर्वांत मोठा निवडणे चांगले ना?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : गायन-वादनासाठी ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, आणि २४ बिट पुरेसे आहेत. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झची आहे आणि ती नोंदवण्यास तिच्या दुपटीपेक्षा थोडे अधिक नमुने लागतात; सीडीचा ४४.१ हा आकडा याच हिशेबात बसतो. ४८ वर एका माइकचे मुद्रण मिनिटाला साधारण ८.६ एमबी, तासाला सुमारे ५१८ एमबी जागा घेते. ९६ वर जागा आणि लॅपटॉपवरचा भार दुप्पट होतो, ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही.

प्रश्न : मुद्रणात मागे सतत ‘हूं’ असा आवाज येतो. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की तो बदलतो. पावसाळ्यात माइकमधून खरखरही येते. दोन्हींचे कारण एकच आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कारणे वेगळी आहेत. आपल्याकडील विजेची कंपनसंख्या ५० हर्ट्झ असते आणि तीच अर्थिंगच्या दोषातून आवाजात शिरते. हात लावल्यावर आवाज बदलणे ही त्याची ठळक खूण आहे. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. आवाज गेला, तर चार्जर किंवा भिंतीतील प्लग दोषी आहे. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अनेकदा अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, ती वायरमनकडून तपासून घ्यावी. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावून काम भागवू नये, आणि अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो जिवाशी येऊ शकतो. पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, तीन पिनांचा चांगला एक्स्टेंशन बोर्ड मिळतो. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर या तिघांना त्या एकाच बोर्डावरून वीज द्यावी. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद-प्रखर होणारे दिवेही असाच आवाज करतात, तेव्हा ते एकेक बंद करून पाहावेत.

पावसाळी खरखर दमटपणाची असते. कंडेन्सर माइकमधील अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागची पट्टी यांच्यामध्ये ओल साचली की विजेचा भार गळू लागतो आणि चटचट ऐकू येते. माइक कोरड्या खोलीत काही तास ठेवल्यास ती बहुधा जाते. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा मुळीच मारू नये, पडद्याला इजा होते. जून ते सप्टेंबर या काळात माइक स्टँडवर न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते ओलावले की लगेच दिसते. मग जेल डब्यातून काढून मंद आचेवरच्या तव्यावर कोरडे करावे आणि पूर्ण थंड झाल्यावर परत डब्यात घालावे. तो तवा मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.